कोळ्याच्या माथ्यावरचं आकाश

१

वाकनिसांच्या घरची चोरी उघडकीस आली ती भर हळदीकुंकवात, पन्ह्याचे पेले फिरत असताना. चैत्रगौर झोपाळ्यात बसलेली, तिच्यापुढे कलिंगडाची कमळं आणि करंज्यांची उतरंड रचलेली, थाटीपुरातल्या निम्म्या मराठी बायका हॉलमध्ये गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या. राजलक्ष्मीबाई गौरीपाशी उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला अत्तर लावत होत्या. मध्येच त्यांचा हात थांबला. समोर सोफ्याच्या वर, भिंतीकडे बघत त्या म्हणाल्या, "हे आपलं चित्र नाही."

बायकांना आधी वाटलं, उन्हाचा त्रास झाला असेल. चित्र तर रोजचंच दिसत होतं. वीतभर आकाराचं जुनं फ्रेंच छापचित्र ते. गोपाळकृष्ण वाकनिसांचे पणजोबा दरबारी लवाजम्याबरोबर विलायतेला गेले होते, तेव्हा पॅरिसच्या एका दुकानातून त्यांनी ते आणलं. बरोबरच्या मंडळींनी घड्याळं आणली, झुंबरं आणली; यांनी एक कागद आणला, म्हणून घरचे त्यांना बरेच दिवस हसत होते. चित्रात नदी, काठाला लव्हाळं, एक चपटी नाव, आणि नावेत पाठमोरा वाकून बसलेला, पाण्यात गळ टाकलेला एकटा कोळी. वर आकाश अगदी कोरं, त्यात एक रेघ नाही.

झुंबरं आणि घड्याळं कधीच मोडीत गेली. कोळी मात्र वाकनिसांबरोबर घरं बदलत थाटीपुरापर्यंत आला, आणि आता राजलक्ष्मीबाई म्हणत होत्या की भिंतीवर बसलाय तो कोणी तोतया आहे.

माधवगंजात राहणाऱ्या उषाताईंना फोन आला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. त्या हळदीकुंकवाला गेल्या नव्हत्या. आमंत्रण होतं, पण त्याच दिवशी वाकनिसांची सून अवंतिका फ्रान्सला निघाल्याचं कौतुक होणार होतं. ते ऐकण्यापेक्षा डोकं दुखलेलं बरं, म्हणून उषाताईंनी डोकं दुखवून घेतलं होतं.

उषाताई काही पोलिसातल्या नव्हत्या. कलाविद्यालयात छापचित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. पण एका परीक्षेत धातूच्या एकाच कोरलेल्या पत्र्यावरून काढलेले ठसे वेगवेगळ्या नावांनी आलेले त्यांनी बसल्या जागी ओळखले होते, आणि तेव्हापासून आसपासच्या मराठी घरांत काही हरवलं, बदललं, की 'उषाताईंना दाखवा' म्हणायची पद्धत पडली होती. हरवलेल्या बांगड्यांपासून बदललेल्या जन्मपत्रिकेपर्यंत त्यांनी बरंच काही बघून दिलं होतं.

"राजलक्ष्मी म्हणते, हे घरातल्याच माणसाचं काम आहे," फोनवर गोपाळकृष्ण म्हणाले. त्यांचा आवाज पार बसला होता. "मतलब, अवंतिकाचं. छापायचा प्रेस तिच्याकडे, हात तिचा, आणि चित्राच्या देशाला निघालीय तीच. अस्सल घेऊन जाईल आणि इथे नक्कल टांगून ठेवेल, असं म्हणणं आहे हिचं."

"आणि तुमचं?"

"माझं काय चालतंय? तुम्ही बघून घ्या आणि सांगा. तुम्ही हो म्हणालात तर संध्याकाळी ही तक्रार लिहून देणार. पोलिसात नाव गेल्यावर त्या पोरीला कोण जाऊ देईल परदेशात? पुढच्या आठवड्यात विमान आहे तिचं."

म्हणजे अवंतिकाचं जाणं आता उषाताईंच्या एका शब्दावर येऊन टेकलं होतं. त्यांनी फोन ठेवला, चपला घातल्या, आणि जिना उतरताना त्यांच्या लक्षात आलं की कालपासूनचं डोकं दुखायचं थांबलंय.

२

अवंतिका उषाताईंची विद्यार्थिनी होती, आणि ज्या फ्रेंच कार्यशाळेने तिला सहा महिन्यांसाठी बोलावलं होतं तिथे उषाताईंनी स्वतः तरुणपणी पुन्हा पुन्हा अर्ज केले होते. उत्तर दर वेळी सभ्य भाषेत नकाराचं. विद्यार्थ्याने पुढे जावं यातच गुरूचा आनंद असतो म्हणतात. म्हणणारे बहुतेक गुरू नसावेत. अवंतिकाची बातमी आली तेव्हा उषाताईंनी पेढे घेतले, पाठ थोपटली, आणि घरी येऊन त्या दिवसाचं वरण करपवलं.

दार राजलक्ष्मीबाईंनी उघडलं. पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत ओले, आणि हातांना चिंचेचा आंबूस वास.

"ये उषे. देवाची भांडी घासत होते. बस, आलेच."

"आता सून आहे घरात, तिला सांग की."

"देवाच्या भांड्यांना मी हात लावू देत नाही कोणाला. पहिल्यापासून नाही."

उषाताई त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरापर्यंत गेल्या. ताम्हण, पळी, गडू ओट्यावर ओळीने ठेवलेले. राजलक्ष्मीबाई उभ्या उभ्या चिंचेचा बोळा गोल गोल फिरवत होत्या, आणि तांबं असं लखलखत होतं की त्यात तोंड बघावं.

या दोघी कॉलेजात एका वर्गात होत्या. राजी तेव्हा वर्गात पहिली. बाकीच्यांना रेघा कोरायला जस्ताचे पत्रे मिळायचे, कारण तांबं कॉलेजला झेपत नसे. पण सरांनी तांब्याचा एक सुरेख पत्रा आणवून सगळ्यांसमोर राजीच्या हातात ठेवला होता. उषाताईंना तो प्रसंग अजून, कधीही, कुठेही आठवत असे. मग त्याच वर्षी वाकनिसांचं स्थळ आलं, राजीचं लग्न झालं, कॉलेज सुटलं, आणि पहिला नंबर उषाताईंना मिळाला. फुकटात मिळाला, हे त्यांना चांगलं माहीत होतं.

"तुला कळलं कसं, चित्र बदललंय ते?" हॉलमध्ये येऊन बसल्यावर उषाताईंनी विचारलं.

"आपल्या चित्राला खालच्या कडेला कसरीने खाल्लेलं बारीक भोक आहे. अत्तर लावता लावता नजर गेली, तर भोक दिसेना."

"मग फ्रेम उघडून बघितली?"

"अजिबात नाही. तू येईपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही मी. बघ की, जळमटंसुद्धा तशीच आहेत मागची."

उषाताईंनी फ्रेम उतरवून घेतली आणि मागचे खिळे काढले. आधी काच निघाली, मग जाड पुठ्ठ्याचा माउंट. चित्राची चारी बाजूंची बोटभर कोरी कडा माउंटखाली दबलेली होती, ती उघडी झाली. भोक खरंच नव्हतं.

मग त्यांनी कागद खिडकीशी धरला. जुन्या हातकागदात उजेडाला जाळीसारख्या रेघा दिसतात. इथे त्या नव्हत्या. कागद नवा होता, चहाच्या पाण्यात बुडवून जुना केलेला, आणि पोत ओळखीचा होता. अवंतिका हाच कागद मागवते, हे उषाताईंना ठाऊक होतं, कारण दुकान त्यांनीच तिला सांगितलं होतं. शिवाय चित्र उलटं झालेलं नव्हतं. छापताना पत्र्यावरचं डावं उजवीकडे येतं. नवखा माणूस बघून बघून नक्कल करतो आणि त्याचा कोळी उलट्या बाजूला जाऊन बसतो. हा कोळी बरोबर बसला होता. नक्कल करणाऱ्याने हे काम शिकून घेतलेलं होतं.

आणि रेघ तर अशी होती की उषाताईंनी कागद आणखी डोळ्यांजवळ नेला. नावेखालचं पाणी हलत होतं. आकाशात तेवढा किंचित धुरकटपणा आला होता, शाई नीट न पुसल्यासारखा.

"काय म्हणतेस?" राजलक्ष्मीबाईंनी विचारलं. "आहे ना नक्कल?"

"नक्कल आहे."

"आणि केली कोणी?"

उषाताईंच्या ओठांवर नाव आलं होतं. आतल्या खोलीचं दार तेवढ्यात उघडलं, आणि त्या नावाची मुलगी बाहेर येऊन उभी राहिली.

३

अवंतिका रडून आली होती, पण रडत नव्हती. उषाताईंना वाकून नमस्कार केला आणि सरळ म्हणाली, "मॅडम, माझी खोली बघून घ्या. जे काय असेल ते समोर होऊ दे."

मागच्या अंगणाकडच्या खोलीत तिचा प्रेस होता. खोली बघून उषाताईंना पुन्हा हेवा वाटला, आणि आपल्या मनाची त्यांना लाज वाटली, पण हेवा काही गेला नाही. भिंतीशी जस्ताचे पत्रे उभे करून ठेवलेले. प्रत्येकाची चमक एकाच दिशेने धावणारी, वरून खाली. पत्रा घासायचा तो सरळ, एकाच अंगाने, हात फिरवायचा नाही, ही उषाताईंचीच शिकवण. पोरीने ती तंतोतंत पाळली होती.

"तांबं वापरतेस?"

"तांबं कुठलं, मॅडम. जस्तच. फ्रान्समध्ये मिळेल म्हणे तांबं, तेव्हा बघू."

"या खोलीत अजून कोण येतं?"

"विहंग येतो. मुरारहून. त्याच्याकडे प्रेस नाही, म्हणून इथेच छापतो. पण शिमग्यापासून आला नाही." ती थांबली. "मला मिळालं आणि त्याला नाही, ना. दोघांनीही अर्ज केला होता."

दारात तिचा नवरा केदार उभा होता. सज्जन मुलगा, बँकेत नोकरी, तोंडाने कधी कोणाला दुखवणार नाही. उषाताईंनी त्याला बाजूला घेतलं.

"तुला काय वाटतं रे?"

"उषामावशी, खरं सांगू? ही जाऊ नये असंच मला वाटायचं. त्या प्रेसपाशी ती आणि विहंग तासन्‌तास बसायची, काय बोलायची ते मला काही समजायचं नाही. जेवायला हाक मारली तरी ऐकू यायची नाही. पण चोर आहे असं कधी वाटलं नाही. आता आई इतकं म्हणतेय, तर..." 

या घरात आणि काही नसलं तरी मत्सराला तोटा नव्हता. नवऱ्याला प्रेसचा मत्सर, मित्राला निवडीचा, आणि तपासाला बोलावलेल्या बाईला तर सगळ्यांच्या वरताण.

"तिचं ते मोठं फोल्डर उघड," उषाताई म्हणाल्या.

केदारने टेबलाखालचं फोल्डर काढलं. अवंतिकाची छापचित्रं एकावर एक होती, दर दोन चित्रांमध्ये पातळ कागद. केदार एकेक उचलत गेला. तळाशी पोचल्यावर त्याचा हात थबकला, आणि तो बायकोकडे न बघता बाजूला झाला.

तळाशी कोळी होता. जुना, पिवळसर हातकागद, जाळीच्या रेघा, खालच्या कडेला कसरीचं भोक. आकाश स्वच्छ कोरं.

"मी नाही ठेवलं हे," अवंतिका म्हणाली. ती केदारला म्हणाली होती, पण त्याने मान वर केली नाही.

दारातून राजलक्ष्मीबाईंचा आवाज आला, "आता आणखी काय बघायचं राहिलं, उषे?"

४

खरं तर काही राहिलं नव्हतं. तरी उषाताईंनी संध्याकाळपर्यंतचा वेळ मागून घेतला, नक्कल एका पुठ्ठ्यात घालून बरोबर घेतली आणि मुरारला जाणाऱ्या सवाऱ्यांच्या टेम्पोत बसल्या. का गेल्या, हे त्यांना कोणी विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, विहंगला विचारायचं राहिलं म्हणून. खरं कारण वेगळं होतं. ते पाणी त्यांना चैन पडू देत नव्हतं. अवंतिकाचा हात त्यांनी घडवला होता. तो हात चांगला होता, पण इतका चांगला? इतका असेल तर मग उषाताईंनी आयुष्यभर काय केलं?

विहंगची खोली बापाच्या हार्डवेअरच्या दुकानावर होती. त्याने खुर्ची पुसून दिली, थंड पाणी आणलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, सच बोलूं तो जलन तर झाली," तो म्हणाला. "दोन रात्री झोप नाही लागली. पण नक्कल करून तिला अडकवायचं, इतना दिमाग माझ्याकडे असता तर सिलेक्शन माझंच नसतं झालं का?"

"शिमग्यानंतर तू तिकडे गेलाच नाहीस?"

"शिमग्यातच गेलो होतो एकदा, तिचा रोलर परत करायला. दुपारी. काकूंनी दार उघडलं, हात ओले. म्हणाल्या, देवाची भांडी घासतेय, तूच ठेवून दे खोलीत. मी ठेवायला गेलो तर प्रेसवरचा लोकरीचा ब्लँकेट ओलसर, ओल्या कागदाचं पाणी पिऊन. मतलब नुकतंच कोणीतरी छापलेलं. मी अवंतिकाला फोन लावला, तर म्हणते मी माहेरी आहे, आठवडा झाला. मला वाटलं, झूठ बोलतेय. फ्रान्ससाठी काहीतरी नवीन करतेय आणि मला दाखवायचं नाहीये. बस, तेव्हापासून मी जाणं सोडलं."

उषाताईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "दुपारी म्हणालास ना?"

"हो, दुपारीच. जेवून निघालो होतो."

खिडकीतून ऊन तिरपं येत होतं. उषाताईंनी पुठ्ठ्यातली नक्कल काढली, ती उन्हात धरली, आणि पर्समधलं भिंग आकाशावर लावलं. सकाळी त्यांना वाटलं होतं, शाई पुसायची राहिलीय. तसं नव्हतं. आकाशभर ओरखडे होते, केसाहून बारीक. पत्र्यावर ओरखडा असला की त्यात शाई बसते आणि कागदावर उतरते. हे सगळे ओरखडे गोल होते. गोलात गोल, गोलात गोल, हात न थांबता फिरत गेलेला.

असा फिरणारा हात त्यांनी आज सकाळीच पाहिला होता.

परतीच्या टेम्पोत त्या खिडकीशी बसल्या होत्या आणि त्यांना मुळीच बरं वाटत नव्हतं. कोडं सुटलं की माणसाला हलकं वाटतं म्हणे. उषाताई मात्र मांडीवरचा पुठ्ठा दोन्ही हातांनी दाबून बसल्या होत्या. कारण घरात अजून कोणालाच काही ठाऊक नव्हतं. त्यांनी फक्त एवढंच म्हणायचं होतं, हो, अवंतिकाच. कागद तिचा, प्रेस तिचा, चित्र तिच्या फोल्डरमध्ये. एका शब्दात ती पोर थाटीपुरात राहिली असती, आणि उषाताईंना नाकारणाऱ्या त्या गावाला उषाताईंची विद्यार्थिनीही कधी पोचली नसती. गोला का मंदिराचं वळण येईपर्यंत त्यांनी हा विचार खुशाल चघळला. गोड लागत होता तो, खोटं कशाला बोला.

पण मग त्यांच्या डोळ्यांसमोर दुसरं येई. सगळे म्हणतील, काय पाणी काढलंय अवंतिकाने. दुसऱ्याच्या हातचं पाणी तिच्या नावावर जाईल, आणि ते उषाताईंच्या सहीने जाईल. खोटं बोलायला त्यांची फारशी हरकत नव्हती. ठसा एकाचा आणि नाव दुसऱ्याचं, हे मात्र त्यांच्याने होणार नव्हतं. जन्मभर त्यांनी तेवढं एकच काम चोख केलं होतं.

५

हॉलमध्ये सगळे जमले होते. गौर झोपाळ्यातच होती. गोपाळकृष्ण चष्मा पुसत होते, केदार जमिनीकडे बघत होता, अवंतिका दाराशी उभी होती आणि तिची बॅग तिच्या पायाशी होती. माहेरी जायची तयारी तिने आधीच करून ठेवली होती.

"बस आता उषे, सांगून टाक," राजलक्ष्मीबाई म्हणाल्या.

उषाताईंनी नक्कल टेबलावर ठेवली. "ही अवंतिकाने केलेली नाही. ती इतकं वाईट काम करणार नाही."

"वाईट?" गोपाळकृष्ण म्हणाले.

"अगदी कच्चं काम आहे, गोपाळराव. भिंतीवर लांबून खपून गेलं, इतकंच. आता हे पाणी बघा. पाणी म्हणायचं का याला? नुसत्या रेघा ओढल्यात. दगड आहे दगड. नाव तरंगत नाही, रुतून बसलीय. मी हिला असलं पाणी काढू दिलं नसतं. पहिल्या वर्षाच्या पोराने केलंय कोणीतरी."

अवंतिका चमकून उषाताईंकडे बघत राहिली. तिने सकाळपासून ती नक्कल नीट पाहिलीच नव्हती. आता ती दोन पावलं पुढे आली आणि वाकून बघू लागली. तिच्या कपाळाला आठी पडली.

"आणि लव्हाळं?" उषाताई पुढे बोलत होत्या. "केरसुणी उलटी करून ठेवल्यासारखं. पण पाण्याइतकं वाईट दुसरं काही नाही. ज्याने केलंय त्याला नदी कधी दिसलीच नसेल."

"पाण्यात काय खोट आहे गं?" राजलक्ष्मीबाई म्हणाल्या.

आवाज चढला होता. त्या उठून टेबलापाशी आल्या होत्या. "नीट बघ की चष्मा लावून. नावेखाली बघ, सावली कशी तुटत गेलीय. पत्रा तीन वेळा ॲसिडमधून काढून झाकत झाकत नेलंय ते, तेव्हा..."

पुढचं बोलायची गरजच नव्हती.  गोपाळकृष्णांच्या हातातला चष्मा तसाच राहिला.

"आई?" केदार म्हणाला.

उषाताई सोफ्यावर बसल्या. आता बोलताना त्यांचा आवाज अगदी वर्गातल्यासारखा झाला.

"राजी, तू म्हणालीस, कसरीचं भोक दिसलं नाही म्हणून कळलं. पण भोक आहे कडेला, आणि कडा माउंटखाली झाकलेली. समोरून ते असलेलंही दिसत नाही आणि नसलेलंही दिसत नाही. फ्रेम उघडल्याशिवाय ते कळायचं नाही, आणि तू म्हणतेस कोणी उघडली नाही. मग विहंग म्हणाला, शिमग्यात, अवंतिका माहेरी असताना, प्रेस ओला होता. तुझे हातही ओले होते. तू त्याला म्हणालीस देवाची भांडी घासतेय. दुपारी, जेवणं झाल्यावर? देवाची भांडी पूजेच्या आधी घासतात, आणि तू तर कधी चुकत नाहीस."

राजलक्ष्मीबाईंनी टेबलावरची नक्कल आपल्याकडे वळवून घेतली.

"अवंतिका जस्तावर काम करते. विहंगही. जस्तावर इतकी बारीक रेघ निघत नाही, हे तांब्याचं काम आहे. या गावात आमच्यापैकी कोणाला कधी तांब्याचा पत्रा मिळाला असेल तर तो एकीलाच. मला वाटायचं, लग्नाच्या धामधुमीत गेला असेल कुठे. तू सांभाळून ठेवलास. पण इतक्या वर्षांत तांबं काळं पडणारच. ते तू उजळलंस. माझी एकही विद्यार्थिनी पत्रा गोल घासणार नाही. मी हातावर पट्टी मारत होते त्यासाठी. तुलाही सरांनी तेच शिकवलं होतं. हात रेघ ओढायला विसरला नाही, राजी. पण घासायला मात्र चिंचच घेतली, आणि ताम्हणासारखा गोल गोल फिरला. आकाशभर उमटलंय ते. या घरात तांब्याला तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाचा हात लागत नाही."

 मग राजलक्ष्मीबाईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या.

"किल्ली माझ्याकडे होती," त्या म्हणाल्या. "नुसतं बघायला गेले होते खोलीत. प्रेसला हात लावला, आणि मग राहवलंच नाही. वाटलं, बघू तर, येतं का अजून. आलं. सकाळी काम आटोपून आत जायची, दुपारी बाहेर यायची. ठसा निघाला त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मग वाटलं, भिंतीवर लावून बघू, कोणाला कळतं का."

"आणि?" गोपाळकृष्णांनी विचारलं.

"कोणाला कळणार? तुम्ही रोज त्याच्याखाली बसून पेपर वाचता. केदारला भिंत आहे हेसुद्धा माहीत नाही. हिला तरी कळेल वाटलं होतं." त्यांनी अवंतिकाकडे बघितलं. "ही समोरून बॅगा घेऊन जायची-यायची. फ्रान्स, फ्रान्स. मूळ चित्र सपाट, कोरडं राहील अशी जागा या घरात एकच, म्हणून हिच्या फोल्डरमध्ये ठेवलं. काढणारच होते. पण काल त्या बायका... जी ती हिचंच कौतुक करत होती. काय हात आहे, काय हात आहे. आणि माझा हात त्यांना अत्तर लावत होता. मला सहन झालं नाही. तोंडातून निघून गेलं, की हे आपलं चित्र नाही. मग सगळे विचारायला लागले, कोणी केलं, कोणी केलं. मी म्हणाले, हिने."

"मला चोर म्हणालात तुम्ही, आई," अवंतिका म्हणाली. "सगळ्यांसमोर."

"म्हणाले."

"केदार, तूही मानलंस."

केदार पुढे झाला. त्याने तिची बॅग उचलून आत नेऊन ठेवली. ती काही त्याच्या मागे गेली नाही; तो एकटाच परत आला.

"शुक्रवारी पुन्हा बोलावते मी त्या सगळ्यांना," राजलक्ष्मीबाई म्हणाल्या. "गौर अजून बसलेलीच आहे. त्यांच्यासमोर म्हटलं, त्यांच्यासमोरच परत घेईन. तू जा. विमान चुकवू नकोस."

"जाणारच आहे," अवंतिका म्हणाली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि कोणी तिला म्हणायला लावलंही नाही. ती आतल्या खोलीत गेली. केदार मागोमाग गेला, आणि गोपाळकृष्ण चहाचं काहीतरी पुटपुटत स्वयंपाकघरात शिरले.

हॉलमध्ये दोघीच उरल्या.

"उषे," राजलक्ष्मीबाई हळूच म्हणाल्या, "ते पाण्याचं, दगडाचं... खरं होतं का?"

उषाताईंना या प्रश्नाची भीती होती. हो म्हणायला काय जात होतं? चोरीचा निकाल लागला होता, पोर सुटली होती. एवढा एक सूड त्यांनी उगवला असता तर जगात कोणाला कळलंही नसतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "तुला बोलतं करायला म्हणाले. पाणी फार सुरेख झालंय. प्रेस हाताखाली असून मला असं पाणी एकदाही जमलं नाही."

राजलक्ष्मीबाईंनी डोळे पुसले. मग त्यांना हसूच आलं थोडं. "तू माझा हेवा करायचीस, ते मला कळायचं गं. मला कधी समजलं नाही, का ते. नाव झालं तुझं, नोकरी तुझी, विद्यार्थी तुझे. मी तर काहीच केलं नाही."

"म्हणून तर," उषाताई म्हणाल्या. "तू काही केलं नाहीस, म्हणून तुझं काही बिघडलं नाही. माझं रोज बिघडायचं. दर वेळी वाटायचं, राजीने केलं असतं तर असं झालं नसतं. आणि मग मीच म्हणायची, छे, तिचंही बिघडलंच असतं. त्याच्यावर दिवस काढले मी."

त्यांनी नक्कल हातात घेतली, कोळ्याच्या नावेखालचं पाणी पुन्हा एकदा पाहिलं, आणि ती राजलक्ष्मीबाईंच्या मांडीवर ठेवून दिली.

"आता केलंस तू, राजी. आणि नाही बिघडलं. आता मी काय करू, सांग."